लेन्सची जुळणी (डिजिटल एसएलआर कॅमेरा)

डिजिटल एसएलआर (आरशाच्या साह्याने लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या) कॅमेऱ्याच्या माउंटवर, म्हणजे लेन्स अडकवण्याच्या कड्यावर, लेन्स बसणे, तिची प्रतिमा संपूर्ण सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या भागावर) पडणे आणि कॅमेऱ्याच्या आज्ञेनुसार तिचा फोकस व छिद्र (प्रकाश आत घेणारी वाट) बदलणे या तीन अटी पूर्ण झाल्या म्हणजे लेन्स कॅमेऱ्याशी जुळली असे मानतात. नवशिके बहुधा पहिली अट पाहूनच खरेदी करतात. कोकणात गणपतीला मुंबईहून आलेल्या काका-मामांकडून जुनी लेन्स हाती येणे नवलाचे नाही, त्यामुळे तेथे हा प्रश्न नव्या लेन्सपेक्षा वापरलेल्या लेन्सच्या बाबतीत अधिक उद्भवतो.

जुळणीचा पाया म्हणजे माउंटच्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचे ठरीव अंतर होय. ते निकॉन एफ माउंटमध्ये (१९५९) ४६.५ मिमी, कॅनन ईएफमध्ये (१९८७) ४४ मिमी, तर कॅननच्या त्याआधीच्या एफडी माउंटमध्ये ४२ मिमी आहे. कमी अंतरासाठी घडवलेली लेन्स अधिक अंतराच्या कॅमेऱ्यावर चढवल्यास ती सेन्सरपासून दूर राहते आणि लांबच्या वस्तूंवर फोकस मिळत नाही. हर्णै बंदरात पुढ्यातली मासळीची टोपली स्पष्ट येते, पण मागचा सुवर्णदुर्ग धूसरच राहतो. याउलट निकॉनची लेन्स अडीच मिमी जाडीचे अडॅप्टर (जोडकडे) लावून कॅननवर फोकसची मर्यादा न पडता वापरता येते, मात्र फोकस हाताने करावा लागतो. ४२ मिमी व्यासाच्या मळसूत्री जोडणीच्या लेन्समध्ये हे अंतर सुमारे ४५.४६ मिमी असल्यामुळे त्या कॅननला चालतात. निकॉनवर मात्र अडॅप्टरमध्ये दुरुस्तीचे भिंग नसेल तर ५० मिमी नाभीय अंतराच्या लेन्सचा फोकस दोन-अडीच मीटरपलीकडे पोचत नाही, आणि असे भिंग घातल्यास प्रतिमेची प्रत सहसा उतरते.

ही मळसूत्री जोडणी प्रथम कोणत्या कॅमेऱ्यात आली याविषयी मतभेद आहेत. ड्रेस्डेनच्या झाइस आयकॉनचा काँटॅक्स एस आणि त्याच शहरातील कामेरा-वेर्कश्टेटनचा प्राक्टिका हे दोन्ही कॅमेरे १९४९ च्या सुमारास बाजारात आले. आराखड्याची तारीख प्रमाण धरायची की प्रत्यक्ष विक्रीची, यावर निर्णय अवलंबून राहतो. काँटॅक्सचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. तथापि जोडणीचा प्रसार प्रामुख्याने प्राक्टिकामुळे झाला, म्हणून ती प्राक्टिकाच्याच नावाने ओळखली गेली.

फोकसची मोटर हा दुसरा अडसर आहे. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्सच्याच अंगी असते. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्सना कॅमेऱ्यातील मोटरची गरज असते आणि ती डी ३५०० किंवा डी ५६०० यांसारख्या प्राथमिक कॅमेऱ्यांत नसते. त्यामुळे तेथे ५० मिमी एफ १.८ (छिद्राचे कमाल माप) डी घेतल्यास फोकस हातानेच करावा लागतो, तर एएफ-एस प्रकारातील १.८ जी आपोआप फोकस करते. नवीन एएफ-पी लेन्स डी ३१०० सारख्या जुन्या कॅमेऱ्यावर बसते, पण तिचा फोकस चालत नाही.

सेन्सरच्या आकाराबाबत, कॅननची लहान सेन्सरसाठीची ईएफ-एस लेन्स (२००३ पासून) फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मइतक्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर बसत नाही; निकॉनची तशीच डीएक्स लेन्स बसते, पण सेन्सरचा मधला भागच वापरला जातो. नवशिक्याच्या लहान सेन्सरवर ५० मिमीची लेन्स निकॉनमध्ये फुलफ्रेमवरील ७५ व कॅननमध्ये ८० मिमीच्या लेन्सइतके दृश्य दाखवते. सिंधुदुर्गातील दशावताराचे रात्रीचे खेळ टिपण्यासाठी ती, मोठ्या छिद्रामुळे अधिक प्रकाश घेत असल्याने, कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ मिमीच्या लेन्सपेक्षा निःसंशय श्रेयस्कर आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला कासवांच्या पिल्लांसाठी फ्लॅश वर्ज्य असून दोरीमागूनच छायाचित्रे घ्यावी लागत असल्याने ५५-२५० किंवा ७०-३०० मिमीच्या लेन्स अधिक सोयीच्या ठरतात.

सिग्मा, टॅमरॉन, टोकिना या कंपन्या एकच लेन्स निरनिराळ्या माउंटमध्ये देत असल्याने नाव सारखे असले तरी माउंट तपासावा लागतो.

किनाऱ्यावरील दमट हवेमुळे वापरलेल्या लेन्सची आतील बुरशी हीदेखील निवडीची कसोटी ठरते. छिद्र पूर्ण उघडून मागून टॉर्चचा प्रकाश टाकल्यास कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. बुरशी साफ करता येते, पण तिने काचेवरील लेपावर कोरलेली खूण जात नाही. चामड्याच्या डब्यात ओल टिकत असल्याने पावसाळ्यात लेन्स सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवतात.