घोडे आजारी पडले आणि शहरं थांबली : १८७२ची अमेरिका

सप्टेंबर १८७२च्या अखेरीस कॅनडात टोरंटो शहराबाहेरच्या यॉर्क, स्कारबरो, मार्कम या भागांत घोडे खोकू लागले. कोरडा, घशातून ओढून येणारा खोकला. मग ताप, नाकातून पिवळट-हिरवट शेंबूड, दाणावैरण टाकलेली, मान खाली घालून जागच्या जागी उभं राहणं. ऑक्टोबर उजाडला तेव्हा आजार टोरंटोतल्या ट्रामच्या आणि भाड्याच्या गाड्यांच्या तबेल्यांत शिरला होता. ऑन्टारिओ पशुवैद्यक महाविद्यालयाचे संस्थापक अँड्र्यू स्मिथ यांनी ही लक्षणं तिथेच टिपली. महिना संपायच्या आत डेट्रॉइट, बफेलो, न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया, शिकागो या सगळ्या शहरांतले घोडे खोकत होते.

हा घोड्यांचा फ्लू होता. तेव्हा विषाणू ही कल्पनाच नव्हती, त्यामुळे लोक त्याला ‘एपिझुटिक’ म्हणत, म्हणजे जनावरांची साथ. लागण जबरदस्त होती. शहराशहरांत दहापैकी आठ-नऊ घोडे आजारी पडले. मेले मात्र थोडे, बऱ्याच ठिकाणी शंभरात एक-दोन, काही ठिकाणी दहापर्यंत. बाकीचे दोनेक आठवड्यांत पुन्हा पायावर उभे राहिले. एवढ्या विश्रांतीचाही भार शहरांना पेलला नाही.

आज आपण तो काळ आगगाडीचा आणि वाफेचा म्हणून ओळखतो. अमेरिकेचे दोन किनारे रेल्वेने जोडले जाऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. पण रेल्वेने घोड्याची गरज कमी केली नव्हती, उलट वाढवली होती. गाडी माल स्टेशनावर आणून टाकायची. तिथून गोदामात, गोदामातून दुकानात, दुकानातून घरी तो घोडागाडीनेच जायचा. कोळसा, बर्फ, दूध, भाजी, टपाल, कचरा, अगदी तिरडीसुद्धा. ट्राम रुळांवरून धावत, पण ओढणारे घोडेच, आणि एका डब्यामागे दिवसभरात कितीतरी जोड्या बदलाव्या लागत. १८७०च्या जनगणनेत नुसत्या शेतांवर सत्तर लाखांहून जास्त घोडे आणि अकरा लाखांवर खेचरं मोजली गेली. शहरांतले घोडे त्याहून वेगळे. माणसांची संख्या तेव्हा चार कोटींच्या आत होती.

या साथीने पाय पसरले तेही रेल्वेमुळेच. न्यूयॉर्कचे डॉक्टर ए. बी. जडसन यांनी पुढच्या वर्षी गावोगावच्या तारखा गोळा करून साथीची वाट मांडून दाखवली. रेल्वेमार्गावरची मोठी शहरं आधी सापडली, आडबाजूची गावं मागाहून. प्रिन्स एडवर्ड बेटाची मुख्य भूमीशी ये-जा तुटक, म्हणून ते वाचलं. आजार हवेतल्या बिघाडाने होतो, असं मोठमोठे वैद्य मानत होते त्या काळातलं हे काम आहे. जर्मन वैद्य रॉबर्ट कॉखने अँथ्रॅक्स या जनावरांच्या रोगाचा जंतू दाखवून दिला तो त्यानंतर, १८७६मध्ये. मला या सगळ्या प्रकरणात हा कागदावरचा नकाशा फार मोलाचा वाटतो. सूक्ष्मदर्शकात काही दिसायच्या आधी नुसत्या तारखा ओळीने लावून त्याने सांगितलं की आजार जनावरांबरोबर प्रवास करतोय. नोव्हेंबरअखेर साथ न्यू ऑर्लिन्सला होती, डिसेंबरात क्यूबात, आणि १८७३च्या एप्रिलमध्ये सान फ्रान्सिस्कोत.

न्यूयॉर्कमध्ये ट्राम बंद पडल्या किंवा कशाबशा चालल्या. धक्क्यांवर आणि स्टेशनांवर मालाचे ढीग साचले. माणसं टोळ्या करून स्वतः गाड्या ओढू लागली. खेड्यांतून बैलजोड्या मागवल्या गेल्या आणि शेतकऱ्यांनी त्यांचं भाडं चांगलंच वसूल केलं. तबेल्यांत डांबराचा धूर, कोमट कोंड्याचं आंबोण, अंगावर घोंगड्या असे उपचार चालू होते; वर्तमानपत्रांत हमखास गुण देणाऱ्या चूर्णांच्या जाहिरातीही होत्या. खरा उपाय एकच होता, तो म्हणजे विश्रांती. कॉर्नेल विद्यापीठातले पशुवैद्यकाचे प्राध्यापक जेम्स लॉ यांनीही तेच सांगितलं. पण घोडा उभा राहिला की मालकाची कमाई बुडत होती. पुरता बरा न झालेला घोडा पुन्हा जुंपला, की आजार फुप्फुसात उतरायचा आणि घोडा रस्त्यातच कोसळायचा. या साथीतले कित्येक मृत्यू आजाराचे नव्हते, घाईचे होते. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध १८६६मध्ये अमेरिकेतली पहिली संस्था काढणारे हेन्री बर्ग भर रस्त्यात उभे राहून ट्राम अडवत आणि आजारी घोडे सोडायला लावत. लोक त्यांच्यावर चिडत, पण खरं बोलत होते तेच.

सगळ्यात वाईट प्रसंग आला तो बॉस्टनवर. अग्निशमन दलाचे प्रमुख जॉन डॅमरेल यांना धोका आधीच दिसला होता. बंबांचे घोडे आजारी, म्हणून त्यांनी बंब हातांनी ओढायला पाचशे जादा माणसं नेमून ठेवली होती. ९ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी सातनंतर समर स्ट्रीट आणि किंगस्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या एका व्यापारी इमारतीच्या तळघरात आग लागली. आगीची पहिली सूचना गेली ती ७ वाजून २४ मिनिटांनी, तोवर ज्वाळा छतापर्यंत पोचल्या होत्या. दोरांना हात लावून माणसांनी वाफेचे अवजड बंब दगडी रस्त्यांवरून ओढत आणले. दुसऱ्या दिवशी आग आटोक्यात आली तेव्हा ६५ एकर परिसर आणि ७७६ इमारती राख झाल्या होत्या. नुकसान सुमारे साडेसात कोटी डॉलरचं.

ही आग घोडे आजारी असल्यामुळेच पसरली, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं आढळतं. ते पुरतं खरं नाही. नंतरच्या चौकशीत निष्कर्ष निघाला की घोड्यांअभावी झालेला उशीर काही मिनिटांचाच होता. व्यापारी भागातले पाण्याचे नळ अरुंद होते, दाब अपुरा होता, दगडी इमारतींवर लाकडी छपरं चढवलेली होती आणि गल्ली ओलांडून आग एका छपरावरून दुसऱ्यावर जात होती. शेजारच्या गावांहून बंब मदतीला आले, पण त्यांच्या होसची जोडणी बॉस्टनच्या नळांना बसेना. डॅमरेल यांनी पाण्याच्या आणि बांधकामाच्या बाबतीत पूर्वीच इशारे दिले होते, ते कुणी मनावर घेतले नव्हते. घोड्यांवर सगळं ढकलून दिलं, की हा दुर्लक्षाचा भाग झाकला जातो, म्हणून हे सांगायला हवं.

१८७३च्या सप्टेंबरात जे कुक यांची पेढी बुडाली आणि अमेरिकेत मोठी मंदी आली. तिचं मूळही काही जण या साथीत शोधतात. व्यापाराला बसलेला धक्का खरा, पण मंदी आली ती रेल्वेतल्या बेसुमार गुंतवणुकीतून.

आजाराचं कारण कळायला पुढे ऐंशीच्या वर वर्षं गेली. घोड्यांच्या फ्लूचा विषाणू १९५६मध्ये प्राग इथे वेगळा काढला गेला, दुसरा प्रकार १९६३मध्ये मायामीत. या दुसऱ्या प्रकाराने भारतातही १९८७मध्ये आणि पुन्हा २००८मध्ये साथ आणली. २००८मध्ये ती प्रथम आढळली जम्मूजवळच्या कटऱ्यात, जिथे वैष्णोदेवीचे यात्रेकरू घोड्यांवर आणि खेचरांवर बसून डोंगर चढतात.

साथीनंतर अमेरिकेने घोडा लगेच सोडला, असं झालं नाही. ऑगस्ट १८७३मध्ये सान फ्रान्सिस्कोत अँड्र्यू हॅलिडी यांची केबलने ओढली जाणारी गाडी चालू झाली, तरी विजेच्या ट्रामने घोड्यांना खरंच मागे सारायला सुरुवात केली ती १८८८नंतर. मधल्या काळात घोड्यांच्या ट्राम वाढतच गेल्या, आणि त्यांतलीच एक आपल्या मुंबईत आली. साथ ओसरून जेमतेम वर्ष झालं असेल, ९ मे १८७४ला स्टर्न्स अँड किट्रेज या अमेरिकन कंपनीने कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी अशी घोड्यांची ट्राम सुरू केली. कंपनीच्या तबेल्यात नऊशे घोडे होते, आणि मुंबईची ट्राम घोड्यांनी १९०५पर्यंत ओढली.