फुटलेला बंपर बदलावाच लागतो का?

‘प्लास्टिक आहे, जोडून टिकत नाही, नवाच टाका.’ बंपरला चीर गेली की हे हमखास ऐकवलं जातं. ते खरं नाही. बहुतेक गाड्यांचे बंपर पॉलिप्रॉपिलीनचे असतात. हे प्लास्टिक तापवलं की वितळतं आणि थंड झालं की पुन्हा घट्ट होतं, म्हणून ते वेल्ड करता येतं.

गैरसमजाचं मूळ बहुधा सुपरग्लूमध्ये आहे. या प्लास्टिकवर साधा गोंद पकडच घेत नाही. जोड दोन दिवसांत सुटतो आणि दोष बंपरच्या माथी येतो.

बंपरच्या आतल्या बाजूला ‘पीपी’ (पॉलिप्रॉपिलीन) किंवा ‘पीपी+ईपीडीएम’ (त्यात रबर मिसळलेलं) अशी इंग्रजी अक्षरं उठवलेली असतात. वेल्डिंगसाठी वितळवायची प्लास्टिकची कांडी त्याच जातीची हवी. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकची चालत नाही. चांगला कारागीर चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडतो, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग व्ही आकाराची खाच कोरून कांडी वितळवून भरतो, आतून आणि बाहेरूनही. रंगाआधी प्लास्टिकचा प्रायमर मारायलाच हवा, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात.

तुकडाच गायब असेल किंवा बसवण्याच्या खाचा चुरा झाल्या असतील, तर मात्र बदला. बंपरच्या मागे गाडीचा रडार सेन्सर असेल तिथे पुटी आणि रंगाचे जाड थर नकोत.

आणि ‘विमा आहे ना’ म्हणून घाई करू नका. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा विमा संरक्षण) नसेल, तर प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. नव्या बंपरची निम्मी किंमत तुमच्याच खिशातून जाते.