नवीन उद्योगासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना संमती: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

महाराष्ट्रात सांडपाणी, धूर किंवा घातक कचरा निर्माण करणारा कोणताही उद्योग उभारण्यापूर्वी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. उद्योजकांच्या बोलण्यात तिला नुसते ‘कन्सेंट’ म्हणतात. प्रत्यक्षात ही संमती दोन टप्प्यांत मिळते. पहिली ‘स्थापना संमती’ बांधकामाला आणि यंत्रसामग्री बसवण्याला हात लावण्यापूर्वी घ्यायची असते, तर दुसरी ‘चालवण्याची संमती’ उत्पादन सुरू करण्यापूर्वी घ्यायची असते. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २५ मध्ये पूर्वसंमतीशिवाय उद्योग स्थापन करण्यासच नव्हे, तर स्थापनेच्या दिशेने कोणतेही पाऊल उचलण्यासही मनाई आहे. हवा अधिनियम, १९८१ च्या कलम २१ मध्येही पूर्वसंमतीची अशीच अट आहे. त्यामुळे शेड आधी उभी करू आणि कागद नंतर पाहू, हा सर्रास आढळणारा क्रम कायद्याच्या दृष्टीने पहिल्या दिवसापासूनच चुकीचा ठरतो. जल अधिनियमाखाली विनासंमती उद्योग उभारल्यास दीड ते सहा वर्षांच्या कारावासाची आणि दंडाची तरतूद असून २०२४ च्या दुरुस्तीने अनेक किरकोळ गुन्ह्यांचा कारावास काढून टाकला असला, तरी ही तरतूद कायम राहिली आहे.

अर्ज कोणी करायचा, हे उद्योगाच्या वर्गावरून ठरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्रदूषण निर्देशांकाच्या (उद्योगातून किती प्रदूषण होऊ शकते, याच्या गुणांच्या) आधारे उद्योगांचे लाल, नारिंगी, हिरवा आणि पांढरा असे वर्ग केले आहेत. ही पद्धत २०१६ मध्ये लागू झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये यादी सुधारून निळा हा आणखी एक वर्ग जोडण्यात आला. साखर कारखाना, आसवनी (डिस्टिलरी) किंवा चामडे कमावण्याचा उद्योग लाल वर्गात येतो, हे सहज पटते; फसगत होते ती मधल्या उद्योगांची. सायकलची नुसती जुळणी करणारा उद्योग पांढऱ्या वर्गात मोडतो आणि त्याला संमतीची गरज नसते, मंडळाला लेखी कळवणे पुरते. उद्योगात रंगकाम किंवा धातूवरील रासायनिक प्रक्रिया सुरू झाली, की वर्ग बदलू शकतो. म्हणून जुन्या यादीवर किंवा शेजारच्या कारखानदाराच्या सांगण्यावर न विसंबता आपली प्रक्रिया चालू यादीतील नेमक्या कोणत्या नोंदीत बसते, ते स्वतः पाहावे. औद्योगिक वसाहतीतील भूखंड, उद्यम नोंदणी किंवा ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला यांपैकी एकही गोष्ट या संमतीची जागा घेत नाही.

जागेची निवड हा पात्रतेचाच भाग आहे आणि माझ्या मते तो यंत्रांच्या निवडीपेक्षा आधी यावा. डहाणू (१९९१), महाबळेश्वर-पाचगणी (२००१) आणि माथेरान (२००३) ही क्षेत्रे केंद्राने पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केली असून तेथे उद्योगांवर वेगळे निर्बंध आहेत. याशिवाय पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाविषयीच्या १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेच्या परिशिष्टात बसणाऱ्या प्रकल्पांना, उदाहरणार्थ २०,००० चौरस मीटर किंवा अधिक क्षेत्राच्या बांधकामांना, स्वतंत्र पर्यावरण मंजुरी लागते. ही मंजुरी केंद्रीय मंत्रालय किंवा राज्यस्तरीय प्राधिकरण देते. ती आणि मंडळाची संमती हे दोन निरनिराळे आदेश आहेत.

अर्ज मंडळाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो. त्यासोबत जागेचा सातबारा उतारा, भाडेकरार किंवा भूखंडाचे वाटपपत्र, स्थळदर्शक नकाशा आणि कारखान्याचा आराखडा, भागीदारी पत्र किंवा कंपनीचे नोंदणी प्रमाणपत्र, उत्पादनांची व कच्च्या मालाची परिमाणांसह यादी, प्रक्रियेचा टप्पेवार तक्ता आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा प्रस्ताव जोडावा लागतो. शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरत असल्याने जमीन, इमारत आणि यंत्रसामग्री यांची किंमत दाखवणारे सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र लागते. ते जुळले नाही तर शुल्कातील फरक भरण्याची त्रुटी निघते.

सर्वाधिक त्रुटी मात्र पाण्याच्या ताळेबंदात निघतात. समजा, एका दुग्धप्रक्रिया उद्योगाने रोज २० घनमीटर, म्हणजे २०,००० लिटर पाणी लागेल असे लिहिले: धुलाई व प्रक्रियेला १४, बॉयलरला ३, कामगारांच्या वापराला २ आणि झाडांना १. पुढच्याच रकान्यात प्रक्रिया केलेले १२ घनमीटर सांडपाणी आवारातील बागेला देऊ, असेही लिहिले. ज्या बागेला एक घनमीटर पुरते, ती बारा घनमीटर कशी शोषणार, हा प्रश्न क्षेत्र अधिकारी विचारणारच. तेव्हा ते पाणी शीतकरणात किंवा प्रसाधनगृहात पुन्हा वापरण्याची सोय दाखवावी, नाहीतर पुरेशी जमीन दाखवावी.

धुराड्याची उंचीही अंदाजाने लिहू नये. डिझेल जनित्रासाठी नियम असा, की जनित्राच्या केव्हीए (विद्युत क्षमतेचे एकक) क्षमतेच्या वर्गमुळाला ०.२ ने गुणून येईल तितके मीटर धुराडे इमारतीच्या उंचीपेक्षा वर असावे. १०० केव्हीएच्या जनित्रासाठी वर्गमूळ १० येते, म्हणून छतापासून २ मीटर. आराखड्यात एक उंची आणि अर्जात दुसरी, असा प्रकार थकलेल्या सल्लागाराच्या हातून नेहमी घडतो. सादर करण्यापूर्वी स्वतः वाचून पाहिले तर तो टळतो.

अर्ज सादर झाल्यावर उद्योगाचा वर्ग आणि गुंतवणूक पाहून तो उपप्रादेशिक कार्यालय, प्रादेशिक कार्यालय किंवा मुख्यालयाकडे निर्णयासाठी जातो आणि गरज भासल्यास अधिकारी जागेची पाहणी करतात. जल अधिनियमानुसार सर्व बाबतींत परिपूर्ण अर्जावर चार महिन्यांत निर्णय न झाल्यास संमती मिळाली असे मानले जाते. यातील ‘परिपूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण त्रुटींचे पत्र अनुत्तरित ठेवणाऱ्याला या तरतुदीचा लाभ मागता येणार नाही. संमती नाकारली गेल्यास, किंवा घातलेल्या अटी मान्य नसल्यास, आदेश कळल्यापासून ३० दिवसांत अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते आणि त्यानंतर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा मार्ग खुला राहतो.

स्थापना संमती सामान्यतः पाच वर्षांसाठी किंवा उद्योग सुरू होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर चालते. मंजूर उत्पादनाची क्षमता वाढवायची किंवा नवे उत्पादन घ्यायचे असेल, तर विस्तारासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. यंत्रे बसल्यावर आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्र पूर्ण झाल्यावर पहिल्या संमतीतील प्रत्येक अटीच्या पूर्ततेचा तपशील जोडून चालवण्याच्या संमतीसाठी अर्ज करावा. घातक कचरा निघणार असेल, तर २०१६ च्या नियमांखालील प्राधिकारपत्र याच अर्जात एकत्रितपणे मागता येते.