भयाची रोजकीर्द

मिठाच्या सत्याग्रहानंतर, १९३० साली, गांधीजी येरवडा तुरुंगात होते. तिथून ते दर आठवड्याला साबरमती आश्रमाला एकेका व्रतावर पत्र लिहीत. मंगळवारी पहाटेच्या प्रार्थनेनंतर लिहिलेली, म्हणून त्या पत्रांच्या संग्रहाला पुढे 'मंगल प्रभात' हे नाव मिळालं. त्यातलं एक पत्र अभयावर आहे, आणि पुण्यात बसून आत्मपरीक्षणाचा इतिहास सांगायचा तर मला तिथूनच सुरुवात करावीशी वाटते.

मरणाचं भय गेलं की बाकीची भयं आपोआप जातात, असा सर्वसाधारण समज आहे. गांधीजींना तो मान्य नव्हता. मरणाला न भिणारा माणूस आयुष्यातल्या बारीकसारीक दुःखांपासून पळ काढतो. कुणी स्वतः मरायला तयार असतो, पण जिवलगांचा वियोग त्याला सोसत नाही. कंजूष माणूस प्राण देईल, पैसा सोडणार नाही. म्हणजे भय एकच नसतं. मोठं धैर्य दाखवणाऱ्याच्या आतही एखादं लहानसं भय दडून बसतं, आणि इतर गुणांच्या आडोशाला असल्यामुळे ते वर्षानुवर्षं सापडत नाही. ते शोधायला एखाद्या दिवसाचा पराक्रम पुरत नाही, रोज बघावं लागतं.

आपल्याकडे लहानपणी षड्रिपू पाठ करून घेतात: काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. या सहांत भय नाही. माझ्या मते हे फार महत्त्वाचं आहे. आपण रागावलो की रागाचा हिशेब मांडतो. त्या रागाखाली कसली भीती होती, हे विचारायची सवय आपल्याला लागतच नाही. मात्र गुणांची यादी भयापासूनच सुरू होते. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे २६ गुण सांगितले आहेत. त्यांतला पहिला शब्द 'अभय', आणि शेवटचा 'नातिमानिता', म्हणजे फार ताठा नसणं.

१२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्यात अभयाची ओळख करून देताना ज्ञानेश्वरांनी दृष्टान्त घेतला तो पथ्याचा. महापुरात उडीच घातली नाही तर बुडायची भीती कशाला? ज्या घरात पथ्य पाळलं जातं तिथे रोगाची पर्वा कोण करतो? रणांगण नाही, तलवार नाही. अभय ही रोज सांभाळायची गोष्ट आहे, जेवणाखाण्यासारखी.

या यादीचा क्रम विनोबांनी उलगडून दाखवला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली. सद्गुणांची सेना उभी आहे, अभय तिच्या आघाडीला आणि नम्रता पिछाडीला, असं ते चित्र आहे. समोरून येणाऱ्या हल्ल्याला अभय तोंड देतं; मागून अहंकाराचा घाला येतो, तिथे नम्रता पहारा करते. गुणांचा तोल म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात सांगितलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. नुसतं अभय वाढलं तर माणूस उद्दाम होतो, नुसती नम्रता वाढली तर दबून राहतो. गीतेच्या त्याच यादीत 'तेज' आणि 'क्षमा' हे शब्दही एकाला एक लागून येतात. ॲरिस्टॉटलने शौर्याची जागा भ्याडपणा आणि अविचारी धाडस यांच्या मधे ठरवली, तेही याच जातीचं.

रोजच्या पाहणीची सगळ्यांत शिस्तबद्ध रीत मात्र जैनांकडे आहे, आणि ती मी अगदी जवळून पाहिली आहे. आमच्या शेजारच्या काकू संध्याकाळी कटासणं म्हणजे बसायचं लोकरी आसन अंथरतात, तोंडापुढे धरायचं कापड, मुहपत्ती, घेतात, शेजारी वाळूचं घड्याळ उलटं करून ठेवतात. सामायिकाची, म्हणजे समभावात स्थिर बसायची, ४८ मिनिटं. त्या बैठकीत प्रतिक्रमण करायचं, म्हणजे मागे फिरणं, दिवसभरात जिथे पाऊल घसरलं तिथून परत आपल्या जागी येणं. दिवसाचं वेगळं, रात्रीचं वेगळं, पंधरवड्याचं वेगळं, चार महिन्यांचं वेगळं आणि वर्षाचं संवत्सरीला, पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी. 'मिच्छामि दुक्कडं' (माझं दुष्कृत्य मिथ्या होवो) हे आपल्या कानावर त्या एकाच दिवशी पडतं, पण त्याच्यामागे वर्षभराचा रोजचा सराव असतो.

'रोजकीर्द' हा शब्द पेशवाईतला, रोजच्या जमाखर्चाच्या नोंदीचा. त्या हिशेबांवर ज्यांची नजर असे त्या नाना फडणीसांनी स्वतःचाही हिशेब लिहून ठेवला आहे. पानिपतापर्यंतचं त्यांचं छोटं आत्मवृत्त वाचताना मन हेलावतं. तरुणपणीचे विकार त्यांनी आडपडदा न ठेवता कबूल केले आहेत, रणातून जीव वाचवून निघाल्याचं लिहिलं आहे. त्या धामधुमीत आई हरवली ती हरवलीच. मराठी राज्याचा कारभार पुढे ज्यांच्या हाती आला, त्यांनी विशीच्या आतल्या स्वतःला असं उघडं करावं, याला धैर्यच लागतं. त्याआधी शंभरेक वर्षं देहूला तुकोबांनी हेच काम अभंगांतून केलं, 'आपुलाचि वाद आपणांसी' म्हणत.

पश्चिमेकडे रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने रात्री दिवा मालवल्यावर दिवस तपासायची सवय लिहून ठेवली. आज कुठला दोष बरा केलास, कशात सुधारलास, असे प्रश्न. जेझुइट या ख्रिस्ती संघाने ही तपासणी दिवसातून दोनदा ठरवली. हा धागा फिरत फिरत अमेरिकेत व्यसनमुक्तीपर्यंत आला. १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांपैकी चौथी म्हणजे स्वतःचा निर्भयपणे घेतलेला नैतिक आढावा, आणि दहावी म्हणजे तोच आढावा पुढे चालू ठेवणं. त्यात राग-द्वेषांबरोबर भयंही कागदावर उतरवायची असतात. षड्रिपूंच्या यादीतून जे सुटलं होतं, त्याला इथे स्वतंत्र जागा मिळाली.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेही येरवड्यातच, मनोरुग्णालयाच्या आवारात. ज्या येरवड्यात अभयावरचं पत्र लिहिलं गेलं, त्याच येरवड्यात माणसं पुन्हा स्वतःकडे बघायला शिकू लागली.

माझी स्वतःची शंभरपानी वही साधी आहे. रात्री तीन ओळी लिहिते: आज कुठे चिडले, त्याखाली कशाची भीती होती, आणि ती भीती लपवायला कुठला चांगुलपणा वापरला. तिसरी ओळ सगळ्यांत उशिरा सुचते. परवा लिहिलं, 'सासूबाईंच्या तपासणीची तारीख पुढे ढकलली, त्यांना त्रास नको म्हणून.' थोड्या वेळाने 'त्यांना' खोडलं आणि वर 'मला' लिहिलं.