मानशीचं दार आणि क्लाउडातली प्रत

गोव्यात तिसवाडीतल्या एका छोट्या सहकारी संस्थेत परवा बसलो होतो. सभासदांच्या यादीचा एक मोठा तुकडा कुणाच्या तरी हातून पुसला गेला होता. सचिव मात्र निर्धास्त. "क्लाउडार आसा मरे, दोन कडेन!" दोन्हीकडे पाहिलं. दोन्हीकडून तुकडा गायब. पहिल्या ठिकाणी पुसला गेला, आणि काही सेकंदांत दुसऱ्या ठिकाणीही इमानेइतबारे पुसला गेला.

यंत्र चुकलं नव्हतं. दोन जागा एकसारख्या ठेवायला सांगितलं होतं, तेवढं त्याने केलं. याला रेप्लिकेशन म्हणतात आणि बहुतेक लोक यालाच बॅकअप समजतात. रेप्लिकेशनला चांगलं-वाईट कळत नाही. रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फायली अडकवणाऱ्या व्हायरसने) कुलूपबंद केलेली फाइलसुद्धा ते तितक्याच तत्परतेने पलीकडे पोचवतं.

क्लाउड म्हणजे शेवटी कुणाच्या तरी इमारतीतली यंत्रं. ॲमेझॉनच्या क्लाउडचा मुंबईतला डेटा सेंटरांचा विभाग २०१६ मध्ये सुरू झाला, हैदराबादचा २०२२ मध्ये. इमारती जळतातही: १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर खाक झालं. त्यासाठी दूरच्या शहरात प्रत हवी, हे सगळ्यांना पटतं. पण आगीपेक्षा माणूस वाईट. २०१४ मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या ॲमेझॉन खात्यात एक हल्लेखोर शिरला, त्याने पैसे मागितले आणि कंपनी खातं परत ताब्यात घ्यायला लागताच डेटा, बॅकअप, यंत्रांची मांडणी असं बरंच काही पुसून टाकलं. कंपनी बंद पडली. प्रती होत्या, पण त्याच खात्यात, त्याच किल्लीखाली.

म्हणून प्रत वेगळ्या खात्यात हवी. तिथले ॲडमिन वेगळे, पासवर्ड वेगळे. पण खाती अगदी तोडली तर डेटा पलीकडे जाणार कसा? आणि वाट ठेवली तर त्याच वाटेने चोरही जाईल.

आमच्या खाजनांत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घालून राखलेल्या शेतजमिनींत, हा प्रश्न फार पूर्वी सोडवलेला आहे. बांधात मानस, म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं दार, असते. ओहोटीला आतलं पाणी लाकडी दारं ढकलून नदीत जातं. भरतीला बाहेरचं खारं पाणी चढतं आणि त्याच दाबाने दारं मिटतात. वाट एकच, पण तिला दिशा आहे. (मासळीसाठी मुद्दाम थोडं पाणी आत घेतात, ते वेगळं.)

क्लाउडातली मानस परवानग्यांची असते. ॲमेझॉनच्या एसथ्री साठवणीचं उदाहरण घेऊ, कारण ते मला विलक्षण आवडतं. फायली ज्या डब्यात राहतात त्याला बकेट म्हणतात. पाठवणाऱ्या खात्यात एक 'रोल' तयार करायचा. रोल म्हणजे माणूस नव्हे, ठरावीक कामापुरता दिलेला अधिकार. त्याला आपल्या बकेटमधून वाचायची आणि पलीकडे प्रत टाकायची मुभा द्यायची. एवढ्याने काहीच होत नाही. पलीकडच्या बकेटच्या नियमांतही लिहावं लागतं की अमुक खात्याच्या अमुक रोलला इथे प्रत ठेवू द्यावी. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात तसं. पुसायची परवानगी त्या रोलला द्यायचीच नाही. दोन्ही बकेटमध्ये आवृत्त्या जपणं चालू असावंच लागतं, नाहीतर रेप्लिकेशन सुरूच होत नाही. त्यामुळे चोराने बिघडलेली फाइल ढकलली तरी जुनी आवृत्ती तिच्या खाली शाबूत राहते. आणि मूळ बकेटमधली एखादी आवृत्ती नेमकी निवडून कायमची पुसली, तर ते पुसणं पलीकडे जातच नाही. मिटलं ना मानशीचं दार!

आता एन्क्रिप्शनच्या, म्हणजे फाइल सांकेतिक करून कुलूपबंद करायच्या, किल्ल्यांचा गुंता. फाइल ज्या किल्लीने कुलूपबंद होते, ती किल्ली दुसऱ्या एका मोठ्या किल्लीने कुलूपबंद करून फाइलबरोबरच ठेवतात. मोठी किल्ली खात्याच्या बाहेर येत नाही. मग प्रत जाताना रोल अलीकडच्या मोठ्या किल्लीकडून उघडून घेतो आणि पलीकडच्या मोठ्या किल्लीने नव्याने बंद करून घेतो. म्हणजे त्याला एका किल्लीवर फक्त उघडायचा अधिकार हवा, दुसरीवर फक्त बंद करायचा. इथे आळसाने दोन्ही अधिकार दोन्हीकडे देणारे महाभाग पुष्कळ आहेत. त्यांनी दार लाकडाचं बसवलं आणि बिजागरी उलटी लावली. डोकं गरगरलं असेल तर हा परिच्छेद सोडून द्या, पण तुमच्या संगणकवाल्याला जरूर वाचायला लावा.

त्यावर आणखी एक कडी घालता येते. ठरावीक मुदतीचं कुलूप. कडक प्रकारात ती मुदत संपेपर्यंत खात्याचा सर्वोच्च मालकही ती आवृत्ती पुसू शकत नाही. चुकून पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ तिथे गेला, तर मुदतभर त्याचं भाडं भरत बसा!

जाहिरातवाले या सगळ्याला 'मिलिटरी ग्रेड सुरक्षा' म्हणून मोकळे होतात. त्या शब्दांनी एकही परवानगी कमी होत नाही. संस्थेच्या सर्व्हरला दसऱ्याला झेंडूचा हार घातलेला होता, कपाळी हळदकुंकू होतं. माझी त्याला हरकत नाही, हवा खेळायच्या जाळीवर हार नको इतकंच. पण त्याच यंत्राच्या बाजूला पिवळ्या चिठ्ठीवर ॲडमिनचा पासवर्ड चिकटवला होता.

चिठ्ठी काढली, दुसरं खातं उघडलं. त्याचा पासवर्ड सचिवांकडे नाही, खजिनदारांकडे. आठवड्याने पाहायला गेलो. मूळ फायली व्यवस्थित जमा होत होत्या, कुठे कसली तक्रार नाही. पण प्रत्येकीची रेप्लिकेशनची नोंद उघडली तर तिथे 'फेल्ड'. पलीकडच्या किल्लीवर बंद करायचा अधिकार द्यायला मीच विसरलो होतो. प्रत अडली म्हणून मूळ फाइल अडत नाही, त्यामुळे आठवडाभर कुणाला पत्ताच नव्हता. अधिकार दिला, पण अडलेल्या जुन्या फायली आपोआप जात नाहीत, त्या मुद्दाम पुन्हा पाठवाव्या लागल्या. सचिव शेजारी चहा घेत बसले होते. म्हणाले, "मानशीवर रोज एक मनीस बसता, तो हाचेखातीरच."