‘एक्झॉटिका’ या नावामागे

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत दूरदेशांच्या कल्पनेवर रचल्या गेलेल्या वाद्यवृंद-संगीताला आज सरसकट ‘एक्झॉटिका’ म्हटले जाते. हे नाव त्या संगीताबरोबर जन्मलेले नाही. ते सहा वर्षांनी आले, एका ध्वनिमुद्रिका कंपनीच्या मालकाला सुचले आणि मोठ्या वाद्यवृंदाला नव्हे, तर हॉटेलात वाजवणाऱ्या चार-पाच जणांच्या ताफ्याला लावले गेले. या प्रकाराविषयी होणाऱ्या बहुतेक वादांचे मूळ या उशिरा पडलेल्या नावात आहे.

पाश्चात्त्य संगीताला पूर्वेची ओढ जुनीच आहे. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात जावा बेटावरचे गमेलान, म्हणजे प्रामुख्याने धातूच्या तालवाद्यांचा वृंद, ऐकून एका तरुण फ्रेंच संगीतकाराला नवी वाट दिसली, आणि त्याच्या पिढीची समान अंतरांची स्वरमालिका, समांतर सरकणारे स्वरसंघ, शब्दांवाचून गाणारा वृंद हे सारे पुढे हॉलिवूडच्या अरेंजरांच्या, म्हणजे सुरावट वाद्यवृंदासाठी बसवणाऱ्यांच्या, हाती आले. १९४८ नंतर लाँग-प्ले तबकडी घराघरांत पोहोचू लागली. सलग वीस मिनिटे एकच वातावरण टिकवता येईल अशी जागा संगीतकाराला प्रथमच मिळाली. पॅसिफिकच्या बेटांवर युद्ध लढून परतलेले लाखो तरुण याच सुमारास संसाराला लागत होते, हेही लक्षात घ्यायला हवे.

१९५१ साली लॉस एंजेलिसच्या एका अरेंजरने जी तबकडी काढली, तीच या प्रकाराची खरी सुरुवात होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याआधी १९४७ मध्ये त्याने थेरेमिन हे हात न लावता वाजवायचे विजेचे वाद्य वाद्यवृंदात आणून चंद्राच्या कल्पनेवरची एक मालिका केली होती, म्हणजे दूरदेशाच्या आधी तो अंतराळात जाऊन आला होता. १९५१ च्या तबकडीला दोन नावे होती. इंग्रजी नावात ‘रानटी माणसाचा विधी’ असा अर्थ होता, तर फ्रेंच नाव १९१३ मध्ये पॅरिसमध्ये गाजलेल्या एका रशियन बॅलेची उघड आठवण करून देणारे होते. मुखपृष्ठावर आदिवासी मूर्तींच्या गराड्यात एक गोरे जोडपे चितारलेले होते. इंग्रजी नावातला हिणकस शब्द आज खटकतो आणि खटकायलाच हवा. पण रचनाकाराचा कान कुठे तयार झाला होता, हे फ्रेंच नावच सांगते. क्यूबाचे बोंगो आणि कोंगा हे हाताने वाजवायचे ढोल आफ्रिकेच्या अरण्यासाठी वाजतात, तसेच पॅसिफिकच्या बेटासाठीही वाजतात. त्यांच्यावर तरंगणारी व्हायोलिने मात्र निखळ फ्रेंच वळणाची आहेत. नकाशावर दाखवता येईल असा कोणताही प्रदेश या संगीतात नाही, आणि तसा दावा संगीताने स्वतः केलेलाही नाही. दावा करणारे होते ते मुखपृष्ठ.

याच तबकडीतली एका शांत खेड्याविषयीची रचना होनोलुलूला पोहोचली. तिथे वायकिकीच्या एका हॉटेलातल्या बारमध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला एक पियानोवादक आपल्या ताफ्यासह वाजवत असे. बारशेजारी तळे होते. ताफा वाजवू लागला की तळ्यातले बेडूक ओरडत आणि वादन थांबले की तेही थांबत. हे पाहून साथीदारांनी गंमत म्हणून पक्ष्यांचे आवाज काढले, आणि दुसऱ्या दिवशी एका पाहुण्याने ‘ती पक्ष्या-बेडकांची रचना’ पुन्हा वाजवायला सांगितली, अशी हकिकत त्या पियानोवादकाने पुढे अनेकदा सांगितली. डिसेंबर १९५६ मध्ये ही रचना इतर काही रचनांसह ध्वनिमुद्रित झाली आणि १९५७ मध्ये ‘एक्झॉटिका’ या नावाने बाजारात आली. १९५८ मध्ये ती स्टिरिओत पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यात आली. १९५९ मध्ये तबकडी अमेरिकी क्रमवारीत पहिल्या आणि शांत खेड्याची रचना चौथ्या स्थानी पोहोचली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हवाई हे अमेरिकेचे ५० वे राज्य झाले.

आता नावाकडे वळू. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ केवळ ‘बाहेरचा’ असा आहे. मराठीत तो आणताना अडचण येते, कारण ‘विदेशी’ म्हटले की स्वदेशीच्या चळवळीतली कापडाची होळी आठवते, ‘परकीय’ म्हटले की राज्यकर्ते आठवतात आणि ‘परदेशी’ म्हटले की दूर गेलेले आपलेच माणूस. ‘एक्झॉटिका’त यांपैकी काहीच नाही. त्यात आहे ती, जिच्याशी आपला कोणताही हिशेब उरलेला नाही अशा ठिकाणाची ओढ. पण ठिकाण कोणापासून दूर? त्या ताफ्यातला व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचे वाद्य) वाजवणारा वादक हवाईतच जन्मलेला होता आणि पक्ष्यांचे आवाज काढणारा तालवादकही हवाईचाच रहिवासी होता. हे दोघे आपल्या घरी बसून ‘बाहेरचे’ संगीत वाजवत होते, आणि त्यांच्या वाद्यांपैकी व्हायब्राफोन अमेरिकी, बोंगो क्यूबाचे, कोटो हे तंतुवाद्य जपानी होते. कंपनीने दिलेल्या नावात हा सगळा तपशील पुसला गेला. शिवाय ते नाव १९५१ च्या वाद्यवृंद-रचनांवर मागे नेऊन चिकटवले गेल्यामुळे मूळ रचनाकार आपल्याच अनुयायाचा अनुयायी ठरू लागला. हा अन्याय आजही अनेक सूचींमध्ये दिसतो.

खरे-खोटेपणाचा प्रश्न त्या काळीही उठत होता, पण चुकीच्या जागी. १९५० मध्ये याच लॉस एंजेलिसच्या अरेंजरने पेरूतल्या एका गायिकेची तबकडी केली. अनेक सप्तके लीलया फिरणारा तिचा आवाज ऐकून अमेरिकेत अफवा उठली, की ही ब्रुकलिनची एक गृहिणी असून तिने स्वतःचे नाव उलटे लिहिले आहे. ती खरोखर पेरूची होती. उलट १९४९ पासून लॉस एंजेलिसच्या दूरचित्रवाणीवर रत्नजडित फेटा बांधून, एक अक्षरही न बोलता, हॅमंड ऑर्गन हे विजेचे वाद्य वाजवणारा एक कलावंत पडद्याबाहेर मात्र आपण दिल्लीत ब्राह्मण पित्याच्या आणि फ्रेंच मातेच्या पोटी जन्मलो, असे सांगत असे. त्याच्यावर प्रेक्षकांनी विश्वास ठेवला. फेट्याचा आणि ब्राह्मण घराण्याचा मेळ कसा बसतो, हे विचारायला तिथे भारतीय प्रेक्षक फारसा नव्हताच.

त्याच दशकात मुंबईच्या चित्रपट-ध्वनिमुद्रणांत गोव्याचे अरेंजर क्लबमधल्या गाण्यांसाठी बोंगो, व्हायब्राफोन आणि हवाईयन गिटार वापरत होते. दोन्हीकडचे साम्य कानाला जाणवते. मात्र ती नक्कल नसून क्यूबाच्या तालांनी जगभरच्या नृत्य-वाद्यवृंदांवर केलेल्या संस्काराचा तो परिणाम आहे.

साठच्या दशकात रॉकच्या लाटेत हा प्रकार मागे पडला आणि त्याच्या तबकड्या जुन्या बाजारात गेल्या. १९७८ मध्ये टोकियोच्या तिघांच्या एका गटाने होनोलुलूच्या त्या पियानोवादकाची चिनी ढंगाची एक रचना उचलली, सिंथेसायझरवर वाजवली आणि अमेरिकेलाच परत विकली. पूर्वेविषयीची पश्चिमेची कल्पना पूर्वेने जाणूनबुजून स्वतःच्या आवाजात म्हटल्याचे हे ठळक उदाहरण आहे. नव्वदीच्या दशकात तरुण संग्राहकांनी जुन्या तबकड्या शोधून काढल्या आणि १९९६ पासून १९५१ ची ती तबकडी काढणाऱ्या कंपनीनेच त्यांच्या सीडींची मालिका काढली. तिच्यात वाद्यवृंद आणि हॉटेलातले ताफे एकाच शीर्षकाखाली बसवल्यामुळे नावाचा गोंधळ कायमचा झाला.

फेटेवाल्या ऑर्गनवादकाचे १९९८ मध्ये निधन झाले. तो दिल्लीचा नव्हे, तर मिसूरी राज्यात जन्मलेला कृष्णवर्णीय अमेरिकी होता, हे लॉस एंजेलिसच्या एका मासिकाने २००१ मध्ये छापले. भारतीय होण्याआधी काही काळ तो स्पॅनिश नाव लावूनही वाजवत असे, कारण कृष्णवर्णीय वादकाला बंद असलेली कामे त्या नावाने मिळत होती.