नदीचा डोह दाव्यात लिहा: सामूहिक वनसंसाधन हक्काचा अर्ज कसा करायचा

जंगलातल्या नदीचे काम पुष्कळ ठिकाणी उलट्या टोकाने सुरू होते. आधी श्रमदान, मग वृक्षारोपण, मग फलक. पुढे कुणी डोहात विष टाकून मासे मारले की गावाच्या लक्षात येते, अडवायचा अधिकार आपल्याकडे कागदावर नाहीच. तो कागद वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(आय) खाली मिळतो. पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या वनसंसाधनाचे संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हा ग्रामसभेचा हक्क, म्हणजेच सामूहिक वनसंसाधन हक्क. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना तो २००९ मध्ये मिळाला.

दावा ग्रामसभेचा असतो, एकट्यादुकट्याचा नाही. राखीव वन, संरक्षित वन, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, कुठेही गावाची पारंपरिक हद्द असेल तर तो करता येतो. गावात अनुसूचित जमातीची किंवा इतर पारंपरिक वननिवासी मोजकीच कुटुंबे असली तरी पुरते, हे फॉर्ममध्येच छापलेले आहे. क्षेत्राला कमाल मर्यादा नाही. फॉर्म फुकट मिळायला हवेत आणि ते पुरवणे प्रांताधिकाऱ्यांच्या उपविभागस्तरीय समितीचे काम आहे.

फॉर्म दोन, आणि दोन्ही भरा

फॉर्म सी हा ३(१)(आय) चा. फॉर्म बी हा सामूहिक हक्कांचा. मासे व पाण्यातील इतर उत्पन्न, चराई, निस्तार (घरगुती गरजेपुरता लाकूडफाटा वगैरे घेण्याची जुनी वहिवाट) हे त्यात येते. नुसता सी भरला तर डोह राखायचा हक्क मिळतो, पण मासेमारीच्या हक्काची स्वतंत्र नोंद राहून जाते.

फॉर्म सी मध्ये सर्वांत जास्त चुका हद्दीच्या रकान्यात होतात. ‘पूर्वेस नदीपर्यंत’ असे लिहिले की नदी हद्दीबाहेर गेली म्हणून समजा. ‘नदीच्या पात्रासह, पलीकडच्या काठापर्यंत’ किंवा ‘पात्राच्या मध्यापर्यंत’, जी वहिवाट असेल ती शब्दांत लिहा. प्रत्येक डोहाचे, कोंडीचे, ओहळाचे गावातले नाव नकाशावर घाला. पलीकडच्या काठावरचे गावही तोच डोह वापरत असेल तर ते लपवू नका. शेजारच्या गावांच्या रकान्यात संसाधन आणि जबाबदारी कशी वाटून घेतली आहे हे लिहिण्याची मुभा आहे. नदीसाठी तर हा रकाना सोन्यासारखा, आणि बहुतेक जण तोच कोरा सोडतात.

पुरावे

या कायद्याखालच्या नियमांपैकी नियम १३ प्रमाणे एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, म्हणजे किमान दोन. मासेमारीच्या जागा, माणसांचे-गुरांचे पाणवठे, जुनी पाटपद्धत, देवराई, पवित्र तळी व नदीकाठ, दहन-दफनभूमी ही सगळी नियमात पुरावा म्हणून नावानिशी आली आहेत. विदर्भात निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या निस्ताराच्या व वहिवाटीच्या जुन्या सरकारी नोंदी) मिळते का ते तहसीलच्या अभिलेख कक्षात बघा. कागद नसेल तर दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून घ्या. ‘आम्ही नदी राखतो’ एवढ्याने भागत नाही. कोणत्या डोहात कोणत्या महिन्यात जाळे टाकत नाहीत, मोडणाऱ्याला काय दंड होतो, हे जबाबात यायला हवे. अमुकच कागद आणा असा हट्ट समितीला धरता येत नाही आणि उपग्रह छायाचित्र हा एकमेव पुरावा ठरत नाही.

ग्रामसभा, पाहणी, वरच्या समित्या

दावे पडताळणारी ग्रामसभेची वनहक्क समिती १० ते १५ जणांची असते. त्यात किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे सदस्य, किमान एक तृतीयांश महिला. ग्रामसभेची गणपूर्ती निम्म्या सदस्यांची आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. सह्या कमी पडल्या की दावा इथेच लंगडा होतो, म्हणून पेरणी-कापणीच्या दिवसांत सभा ठेवू नका.

पाहणीची तारीख वन विभागाला लेखी कळवा, पोच घ्या आणि फाईलला लावा. अधिकारी आले तर सही, हुद्दा, तारीख आणि शेरा घ्या. आले नाहीत तर ‘आम्ही हजर नव्हतो’ ही हरकत नंतर टिकू नये, यासाठीच ती पोच. शेजारच्या गावाशी हद्दीचा वाद असेल तर दोन्ही समित्यांनी एकत्र बसायचे. मिटले नाही तरच प्रकरण वर जाते.

ठराव, नकाशा, सदस्ययादी आणि पुरावे प्रांताधिकाऱ्यांच्या उपविभागस्तरीय समितीकडे, तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जातात. कागद अपुरा वाटला तर दावा परस्पर फेटाळता येत नाही, कारणे देऊन ग्रामसभेकडे फेरविचाराला पाठवावा लागतो. उपविभागस्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे दाद मागायची मुदत ६० दिवसांची आहे. अनुसूचित क्षेत्रात जिल्हा समितीवरही अपील विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे होते. ही सोय २०२० मध्ये झाली.

हक्कपत्र हाती पडताच तीन गोष्टी तपासा: नाव ग्रामसभेचेच आहे ना, क्षेत्र व वनकक्षाचा क्रमांक दाव्याशी जुळतात ना, आणि कायद्यात नसलेल्या अटी घुसवल्या नाहीत ना. अभिलेखात नोंद आणि अंतिम नकाशा जास्तीत जास्त तीन महिन्यांत व्हायला हवा. आपणहून तो क्वचितच होतो, म्हणून पाठपुरावा ठेवा.

मग नदीचे काम

नियम ४(१)(ई) प्रमाणे ग्रामसभा आपली व्यवस्थापन समिती नेमते आणि ती आराखडा करते. त्यात यंत्राने खोलीकरण घालू नका. पात्र एकसारखे खरवडले की डोह-खडकाळ उथळ यांची आलटून-पालटून रचना मोडते आणि उन्हाळ्यात माशांना थारा राहत नाही. सुरुवात वरच्या ओहळांपासून करा. झाडोऱ्याचे बांध कंबरेपेक्षा ठेंगणे ठेवा आणि त्यांचा मधला भाग कडांपेक्षा खाली असू द्या. मध्य उंच राहिला तर पहिल्याच पुरात पाणी बगलेने वाट काढते आणि काठ खाते. काठाला पाण्यालगत वाळा आणि निर्गुडी, वर करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन लावा. चराईबंदी निदान दोन पावसाळे ठेवा, नाहीतर रोपे गुरांच्या पोटात.

शासकीय यंत्रणेला पक्का तलाव किंवा पाणी साठवण बांधायची असेल तर कलम ३(२) लागते: एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस.

वनहद्दीबाहेरचे पात्र या हक्कात येत नाही, ते महसुली. वाळूही यात नाही. पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) लागू असलेल्या क्षेत्रात मात्र वाळूसारख्या गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभा किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. लिलावाची चाहूल लागताच त्याबद्दल स्वतंत्र ठराव करून तहसीलला पाठवा आणि त्याचीही पोच घ्या.